गाणे आधी आले, सिनेमा मागून

गेल्या वर्षी गणेशोत्सवात एका संध्याकाळी आरती आटोपल्यावर आपल्या मंडळाच्या मुलांनी मांडवातल्या स्पीकरवर एक गाणे लावले. आधी गिटार, मागून तबला आणि मग भरदार गळ्याचा आवाज. पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या ज्येष्ठांपैकी एकांनी मागे वळून विचारले, "काय रे, गणपतीपुढे रॉक लावता का?" मुलांनी घाईघाईने ते बंद केले, नेहमीची भक्तिगीते सुरू झाली आणि प्रसाद वाटला गेला. विषय तेवढ्यावरच राहिला.

गाणे होते 'बंदे', चित्रपट 'ब्लॅक फ्रायडे' आणि वाजवणारे दिल्लीचे 'इंडियन ओशन'. ज्येष्ठांचा प्रश्न रास्त होता. मुलांनी उत्तर दिले नाही, कारण गाण्यामागची हकीकत त्यांना ठाऊक नव्हती. ज्या दिवसाबद्दल ते गाणे आहे, त्या दिवशी त्यांच्यातला एकही जन्मलेला नव्हता. स्मरणिकेसाठी यंदा लेख मागितला गेला तेव्हा आम्ही ठरवले, ते उत्तर आपणच लिहून द्यावे. आम्ही संगीतातले जाणकार नव्हे. डिप्लोमा स्थापत्याचा, नोकरी राज्य शासनाची, आणि रोजचा संबंध मेजरमेंट बुकाशी. पण हे गाणे आमच्या घरात वीस वर्षे आहे, आणि त्यावरून आमच्या घरात भांडणही झालेले आहे.

आधी हा प्रकार काय ते पाहू. आपल्याकडे सिनेमाचे संगीत म्हटले की संगीतकार एक, गीतकार दुसरा, गायक तिसरा आणि वाजवणारे पन्नास. त्या पन्नासांची नावे बहुधा कुठेच नसतात. रॉक बँडचे तसे नाही. तिथे चार-पाच माणसे एकत्र राहतात, एकत्रच रचतात, स्वतः वाजवतात, स्वतः गातात, आणि तबकडीवर नाव सगळ्यांचे मिळून एक. आपल्या भजनी मंडळाचीच रीत म्हणा ना, फक्त टाळ-मृदंगाच्या जागी गिटार आणि ड्रम. अशा बँडला एखादा दिग्दर्शक सांगतो की माझ्या सिनेमाचे सगळे संगीत तुम्हीच करा. ते करतात, आणि त्याचीच एक स्वतंत्र तबकडीही निघते. परदेशात हे बरेच झाले आहे. 'पिंक फ्लॉइड' या इंग्रजी बँडने १९६९ साली 'मोर' नावाच्या चित्रपटासाठी असे केले. १९७२ साली त्याच दिग्दर्शकाच्या 'ला व्हॅले' या दुसऱ्या चित्रपटासाठी फ्रान्समधल्या एका जुन्या गढीवजा वाड्यात बसून थोड्याच दिवसांत त्यांनी अख्खी तबकडी उरकली. चित्रपट कंपनीशी बिनसले म्हणून तिला 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' असे वेगळेच नाव दिले. तबकडीचे नाव इतके झाले की पुढे चित्रपटालाच आपल्या नावाच्या शेपटाला ते जोडून घ्यावे लागले. सुनेच्या नावाने घर ओळखले जावे, तशी गोष्ट.

पण या परंपरेतला एक महत्त्वाचा प्रसंग मुंबईत घडलेला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. जानेवारी १९६८. 'बीटल्स' या जगप्रसिद्ध चौकडीतले जॉर्ज हॅरिसन मुंबईत आले होते. त्याआधी १९६६ साली ते आले होते ते पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला, आणि ताजमहाल हॉटेलात खोट्या नावाने उतरले होते. या वेळी काम निराळे होते. 'वंडरवॉल' नावाच्या इंग्रजी चित्रपटाचे संगीत त्यांनी पत्करले होते. चित्रपट बेताचाच. एक विक्षिप्त प्राध्यापक भिंतीच्या भोकातून शेजारणीकडे पाहत बसतो, यापलीकडे त्यात सांगण्यासारखे फार नाही. पण हॅरिसन यांनी स्टॉपवॉच घेऊन पडद्यावरचा प्रत्येक प्रसंग किती सेकंदांचा ते मोजले, वहीत लिहिले, आणि त्या मापाचे तुकडे ध्वनिमुद्रित करायला ते मुंबईला आले. माप घेऊन मगच माल मागवायचा, ही पद्धत आम्हाला तरी फार पसंत पडली.

ध्वनिमुद्रण झाले फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत. रस्त्यावरच्या रहदारीचा आवाज आत येई. मुंबईच्या स्टुडिओत तेव्हा एकाच ट्रॅकचे, म्हणजे मोनो, यंत्र होते. तेव्हा कंपनीचे वरिष्ठ अधिकारी भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईला आणले. ही गोष्ट हॅरिसन पुढे कौतुकाने सांगत. वाचकहो, कलकत्त्याहून मुंबईला यायचे मोठे रेल्वेमार्ग दोनच. एक गोंदिया, तुमसर रोड, नागपूर असा; दुसरा कटनी, जबलपूर, इटारसी असा. म्हणजे बीटल्सच्या माणसाचे ते यंत्र एक तर आपल्या तिरोडीची गाडी जिथून सुटते त्या तुमसर रोडच्या फलाटासमोरून गेले, नाही तर आपल्या मध्य प्रदेशाच्या पोटातून गेले. यात आमचा काही पराक्रम नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

वाजवायला कोण होते? सरोदवर आशिष खान, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर एस. आर. केंकरे, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, तारशहनाईवर विनायक व्होरा, हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाद, शहनाईवर दोघे जण, सतारीवर शंभू दास व इतर. नारिंग्रेकर आणि केंकरे ही आडनावे वाचून कोकण-गोव्याची आठवण होणारच. 'वंडरवॉल म्युझिक' या नावाने ही तबकडी नोव्हेंबर १९६८ मध्ये निघाली. बीटल्सच्या स्वतःच्या 'ॲपल' कंपनीची ती पहिली तबकडी, आणि चौघांपैकी एकाने स्वतंत्रपणे काढलेलीही पहिलीच. वादकांची नावे तिच्या वेष्टनावर छापलेली आहेत, हे त्या काळाच्या मानाने पुष्कळच. पण कशी? नारिंग्रेकरांचे आडनावच गायब, नुसतेच चंद्रशेखर. शर्मांच्या नावाच्या शेवटी एक जास्तीचा 'र'. शहनाईवाल्यांचे आडनाव 'जदेव' असे छापले आहे. त्या जागी जाधव वाचायला मराठी माणसाला क्षणही लागत नाही.

हे वाचून आम्हाला हसू आले आणि लगेच मावळलेही. १९५६ पूर्वी आपला बालाघाट जिल्हा नागपूर विभागात होता, कचेरीत मराठी जाणणारा कोणी ना कोणी भेटे. प्रांतरचना झाली, विदर्भ तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो. हिंदी लिपिकाच्या लेखणीत 'ळ' नाही. त्यामुळे मतदार यादीत काळ्यांचे 'काले' झाले, मुळ्यांचे 'मूले' झाले. आमच्या स्वतःच्या सेवापुस्तिकेत वडिलांचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने आहे, आणि ते दुरुस्त करण्यासाठी द्यायचे शपथपत्र आम्ही अजून दिलेले नाही. तेव्हा त्या वेष्टन छापणाऱ्या इंग्रजाला आम्ही फार बोलणार नाही.

असो. पुढे येऊ.

'इंडियन ओशन' हा बँड १९९० साली दिल्लीत सुरू झाला. सुश्मित सेन गिटार वाजवत, असीम चक्रवर्ती तबला वाजवीत आणि गात. १९९१ साली राहुल राम आले, ते बेस गिटार वाजवतात आणि गातात. १९९४ साली अमित किलम ड्रमवर आले. हे किलम गबगुबी नावाचे एक वाद्यही वाजवतात. देवीच्या आराधी-जोगतिणींकडे जे चौंडके असते, त्याच जातीचे. करोल बागेत खजूर रोडवरच्या एका जुन्या घरात त्यांचा सराव चाले. पहिली तबकडी निघाली १९९३ साली. त्यांचे नाव मोठे झाले ते २००० सालच्या 'कंदिसा'मुळे. शीर्षकाचे गाणे केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांच्या प्राचीन प्रार्थनेवरचे आहे, आणि त्याच तबकडीवर 'मा रेवा' आहे, नर्मदाकाठच्या लोकगीतावरून घेतलेले. ते आले राहुल राम यांच्यामुळे. हे गृहस्थ अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे पर्यावरण-विषशास्त्रातले डॉक्टर, पण परत येऊन नर्मदा बचाव आंदोलनात राहिले, खोऱ्यातल्या गावांतून हिंडले आणि तिथली गाणी घेऊन आले. आपली नदी नर्मदा नव्हे, बावनथडी आणि वैनगंगा. पण बावनथडीवरचे धरण आपल्या डोळ्यांदेखत झाले आहे. बुडीत म्हणजे काय, मोबदल्याची यादी म्हणजे काय, हे आपल्याला कुणी गाण्यातून शिकवायला नको. आमच्यासारख्या धरण-कालव्याच्या खात्याशी संबंध आलेल्या माणसाने 'मा रेवा' आवडीने ऐकावे, यात थोडी विसंगती आहे. ती आम्ही कबूल करतो आणि तरीही ऐकतो.

आता १९९३ कडे.

आपल्या तिरोडीला स्फोट नवा नाही. मॉयलच्या खुल्या खाणीत ब्लास्टिंग होते. आधी भोंगा होतो, माणसे बाजूला होतात, मग जमीन हादरते, भांडी खुळखुळतात आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "झालं एकदाचं." लहानपणी आम्हाला वाटे की जगात सगळीकडे असेच असते, भोंग्याशिवाय स्फोट होतच नाही.

शुक्रवार, १२ मार्च १९९३. दुपारी दीडच्या सुमारास मुंबईच्या शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला, आणि पुढच्या दोनेक तासांत शहरभर बारा. एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, मशीद बंदरचा काथा बाजार, शिवसेना भवनाजवळचा पेट्रोल पंप, वरळीचे सेंच्युरी बाजार, दादरचे प्लाझा, मोठमोठी हॉटेले. २५७ माणसे गेली. प्लाझा म्हणजे शांतारामबापूंचे नाव ज्याच्याशी जोडलेले, मराठी सिनेमा जिथे लागावा म्हणून निर्माते धडपडत, ते. स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडी आणि दिघी इथे उतरली होती, आणि ती उतरू देणाऱ्यांत सरकारी पगार घेणारेही होते. सरकारी माणूस म्हणून हे वाक्य लिहिताना आमचा हात जड होतो.

आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तेव्हा वरळीला एका खासगी कचेरीत कारकून होते. तिरोडीहून गेलेल्या पहिल्या काही मुलांपैकी ते एक. त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपवून ते परतत होते. सेंच्युरी बाजारच्या स्फोटात सर्वांत जास्त माणसे गेली. ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला होते, म्हणून वाचले. उजवा कान कायमचा गेला.

इथे आम्हाला ते कळले चौथ्या दिवशी, तारेने. आम्ही तेव्हा सातवीत होतो, परीक्षा तोंडावर होती. वडील दोन वेळा तुमसरला जाऊन एसटीडीच्या बूथवर रांग लावून आले, पण फोन लागला नाही. आकाशवाणीच्या बातम्यांना शेजारचे लोकही आमच्याकडे येऊन बसत. दुसऱ्या दिवशी खाणीत नेहमीप्रमाणे भोंगा झाला, ब्लास्टिंग झाले आणि मोठीआई, जी त्या वेळी मुलांच्या परीक्षेसाठी इकडेच होती, ओट्याशी खाली बसली. त्यानंतर बरेच दिवस भोंगा झाला की आई तिच्याजवळ जाऊन उभी राहायची. बोलायची काही नाही, नुसती उभी राहायची.

पत्रकार एस. हुसेन झैदी यांनी या स्फोटांवर आणि तपासावर 'ब्लॅक फ्रायडे' हे पुस्तक लिहिले, ते २००२ साली निघाले. त्यावर अनुराग कश्यप यांनी चित्रपट केला. कश्यप यांचा त्याआधीचा पहिलाच चित्रपट 'पांच', तोही गंमत म्हणजे एका रॉक बँडमधल्या मुलांचा. पुण्याच्या १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचा त्याला आधार होता. सेन्सॉरशी झगडा झाला आणि तो चित्रपटगृहात आलाच नाही. म्हणजे हा माणूस एकदा महाराष्ट्राच्या एका जखमेवरून अडला होता आणि आता दुसरीकडे निघाला होता.

'ब्लॅक फ्रायडे'त नायक-नायिका नाहीत, झाडामागची गाणी नाहीत. राकेश मारियांच्या भूमिकेत के. के. मेनन आहेत. आपले कवी सौमित्र, म्हणजे किशोर कदम, पोलिसाच्या भूमिकेत आहेत. कॅमेरा खऱ्याखुऱ्या गल्ल्यांत फिरतो. एका झोपडपट्टीतला पाठलाग आहे, तो इतका लांबतो की पळणारा दमतो, पोलिसही दमतात, आणि शेवटी पाहणारासुद्धा. 'स्लमडॉग मिल्यनेअर'चे दिग्दर्शक डॅनी बॉइल यांनी या पाठलागाचे ऋण मान्य केले आहे. अशा चित्रपटाला नेहमीचे संगीत चालले नसते. व्हायोलिनांचा ताफा आणला असता तर प्रेताजवळ रडायला भाड्याची माणसे बोलावल्यासारखे झाले असते. कश्यप यांनी काम 'इंडियन ओशन'ला दिले.

गीते पीयूष मिश्रा यांची. हे आपल्याच राज्यातले, ग्वाल्हेरचे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेले, दिल्लीच्या नाटकांत वाढलेले. गाणी थोडीच, 'बंदे', 'भरम भाप के' आणि 'बादशाह इन जेल'. बाकी नुसते वादन. 'बंदे' म्हणजे काय ते मुलांसाठी सांगतो. बंदा म्हणजे सेवक, देवाचा माणूस. हे गाणे त्याला थांबायला सांगते. कोणाला? बॉम्ब ठेवणाऱ्याला, आणि त्याआधी डिसेंबर-जानेवारीत घरे जाळणाऱ्यालाही. गाण्यात कुठल्याही धर्माचे नाव नाही. सगळे जळून गेल्यावर जी राख उरते तिच्याकडे बोट दाखवून ते गाणे विचारते, यातून काय मिळवलेस? चाल कीर्तनकाराने पूर्वरंग सोडून एकदम आवाज चढवावा तशी आहे. सुरुवात जवळजवळ बोलल्यासारखी, मग तबला आणि ड्रम एकमेकांना धरून चढत जातात. आमच्या कानाला तरी त्यात रॉकपेक्षा भारूड जास्त ऐकू येते. जाणकारांनी आम्हाला माफ करावे.

चित्रपट २८ जानेवारी २००५ ला लागायचा होता. त्याआधीच खटल्यातल्या आरोपींच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला. म्हणणे असे की खटला अजून चालू आहे, चित्रपटात आम्हाला खऱ्या नावानिशी गुन्हेगार म्हणून दाखवले आहे, त्याचा निकालावर परिणाम होईल. न्यायालयाने टाडा न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत प्रदर्शन थांबवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण स्थगिती उठली नाही. चित्रपट डब्यात पडला. पण संगीताला कोणी थांबवले नव्हते. सीडी दुकानात आली. बँड गावोगाव कार्यक्रम करी आणि त्यात 'बंदे' म्हणे. ज्यांनी चित्रपटाची एक चौकटही पाहिली नव्हती ते लोक त्यांच्याबरोबर गात. सिनेमाचे संगीत म्हणून जन्मलेली तबकडी दोन वर्षे सिनेमावाचून जगली.

त्या २००५ सालातच आम्ही नोकरीला नवे नवे लागलो होतो. नागपूरला सीताबर्डीवरून ती सीडी विकत आणली. मोठेबाबा निवृत्त होऊन तिरोडीला परतले होते. घरी कोणी नाही असे पाहून आम्ही ती लावली, आणि ते बाहेरून आले. वेष्टन हातात घेऊन त्यांनी नाव वाचले.

"हे त्याच्यावरचं आहे?"

आम्ही हो म्हटले. बंद करायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे." खुर्ची फिरवून डावा कान स्पीकरकडे करून बसले. वादनाचे दोन-तीन तुकडे झाले, 'बंदे' झाले. संपल्यावर म्हणाले, "गाणारा चांगला आहे. ओरडत नाही." थोड्या वेळाने विचारले, "सिनेमा कधी लागणार?" आम्ही तावातावाने स्थगितीची हकीकत सांगितली. ज्यांनी स्फोट केले त्यांनीच कोर्टात जाऊन सिनेमा अडवावा, हा काय न्याय झाला, असे काहीबाही बोललो. आमचे वय पंचविशीचे, आवाज मोठा.

मोठेबाबा म्हणाले, "बरोबर अडवला."

आम्हाला वाटले त्यांना नीट ऐकू आले नाही. ते म्हणाले, "मी बारा वर्षं निकालाची वाट बघतोय. सिनेमावाल्याला दोन वर्षं थांबता येत नाही? उद्या कोणी सुटला आणि म्हणाला की सिनेमा बघून मला धरलं होतं, तर मी कोणाकडे जाऊ? निकाल आधी. गाणं-बिणं मागून." आम्ही म्हटले, सगळ्या जगाला ठाऊक आहे कोणी केले ते. ते म्हणाले, "जगाला ठाऊक असणं वेगळं आणि कोर्टाने लिहून देणं वेगळं. तू सरकारी नोकरीत आहेस, तुला हे मी सांगायचं?" त्यावर आम्ही जे बोललो ते इथे लिहीत नाही. रात्रीचे जेवण घरात सगळ्यांनी वेगवेगळ्या वेळी केले, एवढे सांगितले तरी पुरे.

१२ सप्टेंबर २००६ पासून टाडा न्यायालयाचे न्यायाधीश पी. डी. कोदे यांनी एकेका आरोपीचा निकाल जाहीर करायला सुरुवात केली. ते काम महिनोन्‌महिने चालले. शंभर जण दोषी ठरले, काही जण निर्दोष सुटले. मोठेबाबा रोज पेपरात नावे वाचत आणि पेन्सिलीने खूण करत. सुटलेल्यांच्या नावांपुढेही खूण करत, पण वेगळी. आम्ही त्या काळात आमच्या रागाचा पुष्कळ विचार केला. जो निर्दोष सुटला त्याचेही नाव कोणी कुठे दोषी म्हणून घेतलेले असेल, तर त्याची दुरुस्ती कोणत्या कचेरीत होते? वेष्टनावरचे जाधव अजून जदेवच आहेत. तरीही आमचे मत पूर्ण बदलले असे म्हणणार नाही. खटले आपल्याकडे जितके रेंगाळतात ते पाहता, निकालापर्यंत थांबायचे म्हटले तर पुष्कळ गोष्टी कधी सांगताच येणार नाहीत. पुस्तक आले तेव्हा कोणी थांबवले नाही, तबकडीला थांबवले नाही, पडद्याला मात्र थांबवले. पडद्याची भीती जास्त, हे खरे असेलही. पण गाणेही माणसाच्या मनात शिरते, आणि बहुधा जास्त खोल.

चित्रपट ९ फेब्रुवारी २००७ ला लागला. आम्ही नागपूरला जाऊन पाहिला. मोठेबाबांना विचारले होते. ते म्हणाले, "मी पाहिला आहे." पुढे आम्ही काही बोललो नाही. ती सीडी मात्र ते लावायला सांगत. चित्र नसलेली चालते, असे त्यांचे म्हणणे.

बँडचे पुढचे थोडक्यात सांगतो. २००९ साली नाताळच्या दिवशी असीम चक्रवर्ती हृदयविकाराने वारले. २०१० साली '१६/३३० खजूर रोड' ही तबकडी त्यांनी महिन्याला एक गाणे याप्रमाणे लोकांना फुकट दिली. सरावाच्या घराचा पत्ताच तबकडीचे नाव. त्याच वर्षी 'पीपली लाइव्ह' या चित्रपटात त्यांचे 'देस मेरा' आले. त्या चित्रपटाचे चित्रीकरण आपल्या रायसेन जिल्ह्यातल्या एका खेड्यात झाले होते. २०१३ साली सुश्मित सेन बाहेर पडले. २०१५ सालच्या 'मसान'चे संगीतही बँडचेच. राहुल राम आणि अमित किलम अजून आहेत, नवे साथीदार आले आहेत, आणि 'बंदे' म्हटल्याशिवाय श्रोते त्यांना मंचावरून उतरू देत नाहीत. पीयूष मिश्रांनीही पुढे स्वतःचा बँड काढला, 'बल्लीमारान' नावाचा.

मोठेबाबा यंदा ऐंशी ओलांडतील. गेल्या वर्षी मांडवात ते होते. गाणे बंद झाले तेव्हा त्यांनी आम्हाला खुणेने जवळ बोलावून विचारले, "का बंद केलं?" आम्ही म्हटले, रॉक आहे म्हणून. ते म्हणाले, "मग त्यांना सांग ना काय आहे ते."

तर हे सांगितले.

यंदा त्याच मुलांनी चौघांचा मिळून एक छोटा वाद्यवृंद केला आहे. एक गिटार, एक ढोलकी, एक कीबोर्ड आणि एक गाणारा. कार्यक्रमपत्रिकेत त्यांना पंधरा मिनिटे दिली आहेत आणि चौघांची नावे आम्ही स्वतः तपासून छापायला दिली आहेत, 'ळ'सकट. सराव आमच्या घरामागच्या पडवीत दुपारी चालतो. मोठेबाबा खुर्ची डावीकडे वळवून बसतात. खाणीचा भोंगा झाला की मुले वाद्ये खाली ठेवतात, ब्लास्टिंग होऊ देतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.